छायाचित्र-समीक्षा : नदीकाठची सहल आणि चौकटीबाहेरची नदी

छायाचित्राची समीक्षा म्हटले की आपण प्रकाश, रचना आणि भाव यांवर बोलतो. ते आवश्यकच आहे. पण जुन्या छायाचित्राला आणखी तीन साधे प्रश्न विचारावे लागतात. चौकटीत कोण आहे? चौकटीबाहेर कोण आणि काय राहिले? आणि हे चित्र पुरावा म्हणून किती वजन पेलू शकते? या टिपणात आपण दोन प्रकारची छायाचित्रे समोर ठेवून हे प्रश्न सोडवणार आहोत. पहिले अमेरिकेतले, १९२१ सालचे : तीन उद्योगपती आणि एक राष्ट्राध्यक्ष रानातल्या सहलीवर. दुसरे आपल्या देशातले : कावेरी आणि कबिनी नद्यांत गळाने पकडलेल्या प्रचंड माशांबरोबर काढलेले शिकारफोटो. हे टिपण टी. नरसीपूर इथून लिहिले जात आहे. म्हैसूर जिल्ह्यातल्या या गावाशी कबिनी कावेरीला मिळते, म्हणून दुसऱ्या प्रकारची निवड सोपी होती.

माझे म्हणणे आरंभीच सांगतो, म्हणजे पुढचे वाचताना ते तपासता येईल. पहिले छायाचित्र नम्र दिसते, दुसऱ्या प्रकारचे फुशारकी मारणारे दिसते. तरीही समीक्षकाच्या आणि अभ्यासकाच्या हाती फुशारकीचे चित्रच अधिक सत्य देते. हे कसे, ते क्रमाने पाहू.

१. चार खुर्च्या

जुलै १९२१. अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात पेक्टनव्हिल नावाच्या वस्तीजवळ, लिकिंग क्रीक या ओढ्याकाठी तंबू पडले होते. मोटारी बनवणारे हेन्री फोर्ड, संशोधक आणि उद्योजक थॉमस एडिसन आणि टायर बनवणारे हार्वी फायरस्टोन हे तिघे मित्र काही वर्षांपासून उन्हाळ्यात मोटारी घेऊन अशा सहलीला निघत. स्वतःला ते 'भटके' म्हणवत. २३ जुलैला त्यांना येऊन मिळाले राष्ट्राध्यक्ष वॉरन हार्डिंग. त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांनी पदभार घेतला होता. त्या मुक्कामाची अनेक छायाचित्रे निघाली. त्यांपैकी फोर्ड, एडिसन, हार्डिंग आणि फायरस्टोन हे चौघे झाडांच्या पार्श्वभूमीवर बसलेले दाखवणारे छायाचित्र आज अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या संग्रहात आहे. आणखी एका छायाचित्रात एडिसन गवतावर झोपले आहेत आणि जवळच हार्डिंग वर्तमानपत्र वाचत बसले आहेत.

चौघांच्या चित्राची रचना नीट पाहा. कोणी उंचावर नाही. मेज नाही, ध्वज नाही, पायऱ्या नाहीत. राजकीय छायाचित्रांत पद दाखवणाऱ्या ज्या खुणा असतात, त्या इथे एकेक करून काढून टाकलेल्या आहेत. उरतात चार पुरुष आणि एक रान. पाहणाऱ्याला वाटते, ही मोठी माणसे शेवटी आपल्यासारखीच. सुटीच्या दिवशी झाडाखाली टेकणारी, गप्पा मारणारी. या चित्राचे सारे सामर्थ्य या एका भावनेत आहे.

ही भावना अगदीच खोटी आहे असे म्हणता येणार नाही. एडिसन आणि फोर्ड यांची मैत्री खरी होती. फोर्ड उमेदीच्या काळात डेट्रॉइटच्या एडिसन कंपनीत अभियंता होते. गवतावर झोपलेले चौऱ्याहत्तर वर्षांचे एडिसन खरोखर झोपले असतील, यावर शंका घेण्याचे कारण नाही. तरीही साधेपणा आणि साधेपणाचे चित्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोर्ड कंपनीचा स्वतःचा चित्रपट विभाग १९१४ पासून काम करत होता आणि या सहलींचे चित्रीकरणही होत असे. बरोबर स्वयंपाकी, चालक, सामान वाहणाऱ्या मोटारी असत. हार्डिंग आले तेव्हा त्यांच्यामागे अंगरक्षक आणि वार्ताहर आले. म्हणजे ओढ्याकाठच्या त्या एकांतात बरीच गर्दी होती. चौकट मात्र अशी धरली गेली की गर्दी बाहेर आणि एकांत आत.

आणखी एक बारकावा. आधीच्या सहलींत या मंडळींबरोबर जॉन बरोज हे वयोवृद्ध निसर्गलेखक असत. झाडे, पक्षी, ओढे यांविषयी बोलायचा खरा अधिकार असलेला तो एक माणूस. मार्च १९२१ मध्ये बरोज वारले. जुलैच्या छायाचित्रात चौथ्या जागी राष्ट्राध्यक्ष आहेत. कोणी मुद्दाम ही अदलाबदल केली असे नाही. पण आधीची आणि ही छायाचित्रे शेजारी ठेवली की सहलीचा अर्थ बदललेला दिसतो. निसर्ग जाणणारा गेला, सत्ता असलेला आला, आणि पार्श्वभूमीची झाडे तशीच राहिली.

२. तारखांचे अंतर आणि पुराव्याची शिस्त

आता चौकटीबाहेर पाहू. ८ जुलै १९२१ रोजी, म्हणजे हार्डिंग तंबूत येण्याच्या जेमतेम पंधरा दिवस आधी, फोर्ड यांनी अमेरिकी सरकारपुढे एक देकार ठेवला होता. अलाबामा राज्यात टेनेसी नदीवर मसल शोल्स इथे पहिल्या महायुद्धात सरकारने नायट्रेटचे कारखाने उभारले होते आणि विल्सन धरणाचे काम अर्धवट होते. कारखाने ५० लाख डॉलरला विकत द्यावेत आणि धरणाची वीज शंभर वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळावी, असा त्या देकाराचा गाभा होता. म्हणजे ज्या दिवसांत अर्जदार आणि ज्याच्या सरकारपुढे अर्ज पडलेला आहे तो शासनप्रमुख शेजारी शेजारी बसलेले दिसतात, त्याच दिवसांत एका मोठ्या नदीच्या पाण्याचा प्रश्न त्या दोघांमध्ये प्रलंबित होता.

इथे घाई करू नका. या दोन तारखा जवळ आहेत एवढ्यावरून तंबूत सौदा झाला असे म्हणणे म्हणजे छायाचित्राला न पेलणारे ओझे त्याच्यावर टाकणे. छायाचित्र ओठ हललेले दाखवते, शब्द ऐकवत नाही. शिवाय पुढचा इतिहास सौद्याच्या तर्काला फारसा अनुकूल नाही. सिनेटमध्ये जॉर्ज नॉरिस यांनी देकाराला चिवट विरोध केला. प्रकरण लांबत गेले. हार्डिंग १९२३ मध्ये वारले. फोर्ड यांनी ऑक्टोबर १९२४ मध्ये देकार मागे घेतला. १९३३ मध्ये त्याच खोऱ्यासाठी टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी ही सार्वजनिक संस्था स्थापन झाली. तिच्याच धर्तीवर आपल्याकडे १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले, हे तुमच्यापैकी अनेकांनी भूगोलात वाचले असेल.

मग चौकटीबाहेरची ती फाइल समीक्षेत आणायची कशाला? सौदा सिद्ध करण्यासाठी नाही, तर चित्र काय काम करते ते समजण्यासाठी. अर्जदार आणि निर्णय घेणारा यांच्यात व्यवहारात एक अंतर असावे लागते. कचेरीत ते अंतर मेजाने राखले जाते. या छायाचित्रात मेज नाही. अंतर मिटवून त्याजागी मैत्रीचा जिव्हाळा ठेवलेला आहे, आणि तो इतका आकर्षक आहे की अंतर मिटले हे पाहणाऱ्याला खटकत नाही, उलट आवडते. या चित्रावर माझा आक्षेप एवढाच आहे, आणि तो लहान नाही. मोठी माणसे सहलीला जाऊ नयेत असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या सहलीचे चित्र देशभर दाखवले जाते, ती खासगी राहत नाही. सार्वजनिक झाल्यावर तिला सार्वजनिक प्रश्न विचारलेच पाहिजेत.

३. त्याच वर्षी मुळशीत

१९२१ हे साल मराठी वाचकाला दुसऱ्याच नदीकाठाची आठवण करून देते. त्या वर्षी एप्रिलमध्ये पुणे जिल्ह्यातल्या मुळशी पेट्यात सत्याग्रह सुरू झाला. मुंबईच्या गिरण्यांना आणि शहराला वीज पुरवण्यासाठी टाटांची कंपनी सह्याद्रीत धरणे बांधत होती. मुळशीच्या धरणात मावळातल्या शेतकऱ्यांची भातखाचरे आणि घरे जाणार होती. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे या लढ्याचे पुढारी. बापटांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्याने दिली. लढा १९२४ पर्यंत चालला. धरण झाले.

दोन्ही प्रसंग शेजारी ठेवा. दोन्हीकडे नदी, दोन्हीकडे वीज, दोन्हीकडे मोठा उद्योग आणि सरकार. अमेरिकेत उद्योगपतीची मागणी अखेर अडली. मुळशीत कंपनीची योजना पार पडली. कारणे अनेक आहेत, आणि आपण तेव्हा पारतंत्र्यात होतो हे त्यांतले मोठे कारण. पण छायाचित्र-समीक्षेच्या दृष्टीने एक गोष्ट नोंदवावी. आपल्या कल्पनेतले 'नदीकाठचा माणूस' हे चित्र बहुतेकदा त्याचे असते ज्याच्यासाठी काठ ही सुटीची जागा आहे. ज्याच्यासाठी काठ हे घर आहे, तो नदीवर सहलीला जात नाही, म्हणून सहलीच्या चित्रात येत नाही. कॅमेरा कोणाच्या मालकीचा होता, यावर काठ कोणाचा दिसेल ते ठरत गेले. जुना अल्बम चाळताना हे लक्षात ठेवले तर रिकामी जागाही वाचता येते.

४. कबिनीचा मासा

आता दक्षिणेत येऊ. कबिनी वायनाडच्या डोंगरांत उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत टी. नरसीपूरला कावेरीत मिसळते. या दोन नद्यांतला महाशीर मासा गळवाल्यांच्या जगात दीड शतक प्रसिद्ध आहे. हेन्री सलिवन थॉमस या मद्रास इलाख्यातल्या मुलकी अधिकाऱ्याचे गळाच्या मासेमारीवरचे पुस्तक १८७३ मध्ये निघाले आणि इंग्रज अधिकारी, मळेवाले आणि व्यापारी यांना महाशीरचे वेड लागले. १९१९ मध्ये मेजर रिव्हेट-कार्नाक यांनी कावेरीत ११९ पौंडांचा महाशीर पकडला. १९४६ मध्ये डी वेट व्हॅन इंगेन यांनी कबिनीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोचा मासा काढला. गळाने पकडलेल्या महाशीरांत तो विक्रम मानला जातो.

व्हॅन इंगेन हे नाव म्हैसूरकरांना ठाऊक आहे. मारलेल्या जनावरांची कातडी साच्यावर चढवून ती जिवंत वाटावीत अशी उभी करणारी त्यांची पेढी विसाव्या शतकाच्या आरंभापासून शतकाच्या अखेरीपर्यंत म्हैसुरात चालली. संस्थानिक आणि बडे अधिकारी हे तिचे गिऱ्हाईक. देशभरच्या राजवाड्यांत आजही दिसणारे वाघ-बिबटे मोठ्या संख्येने तिथूनच गेलेले. म्हणजे शिकारीची आठवण टिकवणे हाच या घराण्याचा व्यवसाय. या अर्थाने साच्यावर उभा केलेला वाघ आणि शिकारफोटो ही एकाच धंद्याची दोन अंगे आहेत.

या शिकारफोटोचा साचा ठरलेला असतो. मासा बांबूला किंवा फांदीला टांगलेला, आडवा किंवा उभा. शेजारी हॅट घातलेला गळवाला, हातात गळाची काठी. मासा वजनदार असेल तर बांबूचे टोक धरायला एक-दोन स्थानिक माणसे. त्यांनीच बहुधा वेताची गोल होडी, कन्नडमध्ये जिला हरिगोलु म्हणतात, ती वल्हवलेली असते. त्यांनीच नाचणीच्या पिठाचा गोळा मळून गळाला लावलेला असतो आणि डोह कुठे खोल आहे ते सांगितलेले असते. चित्राखाली लिहिलेल्या ओळीत त्यांचे नाव सहसा नसते. गळवाल्याचे असते आणि माशाचे वजन असते.

हे चित्र उघडउघड फुशारकीचे आहे. यात अन्याय आहे आणि तो झाकलेलाही नाही : बांबू धरणारा हात दिसतो, नाव दिसत नाही. १९२१ च्या चित्रात मात्र स्वयंपाक्याचा हातही दिसत नाही. हा पहिला फरक. दुसरा फरक अधिक महत्त्वाचा आहे. फुशारकी सिद्ध करायची तर आकडे द्यावे लागतात. म्हणून शिकारफोटोबरोबर नदीचे नाव, साल, वजन, कधी लांबी आणि घेरही येतो. बढाईखोर माणूस नकळत नोंदी ठेवणारा बनतो.

५. फोटोतला मासा मोजता येतो का?

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हा भाग आवडावा, इतरांनीही सोडू नये. कॅमेऱ्यात वस्तूचा दिसणारा आकार अंतराच्या व्यस्त प्रमाणात असतो. समजा गळवाला कॅमेऱ्यापासून २.४ मीटरवर उभा आहे आणि हात लांब करून मासा ६० सेंटिमीटर पुढे धरतो. मासा कॅमेऱ्यापासून १.८ मीटरवर आला. २.४ भागिले १.८ म्हणजे १.३३. माणसाच्या तुलनेत मासा सव्वापटीहून जास्त लांब दिसणार. वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते असे धरले, तर १.३३ चा घन सुमारे २.३७. म्हणजे १० किलोचा मासा पाहणाऱ्याला २३-२४ किलोचा वाटेल. एकही खोटा शब्द न बोलता वजन दुपटीच्या पुढे गेले.

जुन्या शिकारफोटोत ही युक्ती सहसा चालत नाही. पन्नास किलोचा मासा हात लांब करून धरता येत नाही. तो टांगावाच लागतो आणि माणूस त्याच्या शेजारी, जवळजवळ त्याच प्रतलात उभा राहतो. अंतरांचे गुणोत्तर एकाजवळ येते. म्हणून जड माशाचा जुना फोटो हलक्या माशाच्या नव्या फोटोपेक्षा प्रमाणाच्या बाबतीत जास्त विश्वासार्ह असतो.

तरी खबरदारी हवी. गळवाल्यांचे एक जुने सूत्र आहे : लांबी गुणिले घेराचा वर्ग, भागिले ८००. मापे इंचात घेतली तर उत्तर पौंडांत येते. उदाहरणापुरते, ६० इंच लांबी आणि ४० इंच घेर असेल तर ६० × १६०० ÷ ८०० = १२० पौंड. पण फोटोवरून लांबी आणि घेर दोन्ही १० टक्क्यांनी जास्त वाचले गेले, तर वजन १.१ च्या घनाने, म्हणजे ३३ टक्क्यांनी फुगते. १२० चे १६० होतात. त्रुटी कशी वाढत जाते याचे हे घरगुती उदाहरण आहे. निष्कर्ष असा : फोटोवरून वजन सिद्ध होत नाही. वजन काट्यावर ठरते. फोटो एवढेच सांगू शकतो की काट्याचा आकडा शक्यतेच्या कोटीत आहे की नाही.

६. जे दाखवायचे नव्हते ते दिसले

मात्र एक गोष्ट फोटो काट्याहून चांगली सांगतो. ती म्हणजे आकृती. कावेरी खोऱ्यातल्या या मोठ्या महाशीरच्या पाठीवर, डोक्यामागून पाठीच्या पराकडे चढत जाणारा एक उंचवटा असतो. म्हणून त्याला कुबडा महाशीर म्हणू. फुशारकीसाठी मासा पूर्ण बाजूने दाखवला जातो, कारण तसा तो सर्वांत मोठा दिसतो. प्राणिशास्त्राच्या पुस्तकातही मासा तसाच बाजूने काढतात. त्यामुळे शिकारफोटो नकळत शास्त्रीय आकृतीच्या जवळ जातो. कृष्णधवल चित्रात शेपटीचा नारिंगी रंग हरवतो, पण कुबड राहते.

याचे मोल केव्हा कळले? हा मासा जगप्रसिद्ध असूनही त्याचे शास्त्रीय नाव दीर्घकाळ निश्चित नव्हते. २०१८ मध्ये संशोधकांनी शरीररचना आणि जनुकीय तुलना यांच्या आधारे दाखवले की कावेरीचा कुबडा महाशीर म्हणजे केरळातल्या पांबार या कावेरीच्या उपनदीतून आधीच वर्णन झालेला टॉर रेमादेवी. निर्णय नव्या नमुन्यांनी दिला. पण हा मासा पूर्वी खोऱ्यात कुठवर पसरला होता, हे समजायला जुन्या गळवाल्यांच्या नोंदी आणि चित्रे यांच्यासारखा दुसरा आधार थोडाच आहे. नाव मिळाले तेव्हा मासा जवळजवळ संपला होता. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने त्याला 'अतिसंकटग्रस्त' या वर्गात घातले आहे.

इथे कथेत लोणावळा येते. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या एका महाशीरचे वर्णन केले आणि त्याला खुद्री हे नाव दिले. शास्त्रीय नावात आज तो टॉर खुद्री आहे. सत्तरच्या दशकात टाटांच्या वीजकंपनीने लोणावळ्याजवळ वळवण इथे या माशाची कृत्रिम पैदास सुरू केली. मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांचे त्यावरचे काम नावाजलेले आहे. नद्यांतला महाशीर घटत होता आणि तो वाचवायचा, हा हेतू स्वच्छ होता. वळवणची पिल्ले इतर राज्यांत गेली. कर्नाटकातही गेली आणि कावेरीत सोडली गेली.

कावेरीवरच्या गळ-छावण्यांत पुढे मासा पकडून, नोंद करून, पुन्हा पाण्यात सोडण्याची पद्धत रुजली. गालिबोरे छावणीच्या १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदींचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा हजारांहून अधिक महाशीर त्यात आहेत. एकूण संख्या पाहिली तर चित्र आनंदाचे : मासे वाढत होते. जाती वेगळ्या केल्या तर चित्र उलटते. वाढत होता तो बाहेरून आलेला खुद्री. मूळचा कुबडा मासा घटत होता, आणि जे थोडे सापडत ते मोठे होत चालले होते. लहान सापडत नाहीत याचा अर्थ नवी पिढी तयार होत नाही. धरणे, वाळूउपसा आणि सुरुंग लावून केलेली मासेमारी ही कारणे होतीच. त्यांत बाहेरच्या जातीच्या स्पर्धेची भर पडली असावी, असे अभ्यासकांचे मत आहे.

छायाचित्राच्या भाषेत सांगायचे तर 'महाशीर' हा शब्द इथे चौकटीचे काम करत होता. एकाच नावाखाली दोन जाती आल्या आणि एकीच्या भरभराटीने दुसरीचा ऱ्हास झाकला. तो उघड झाला, कारण कोणीतरी प्रत्येक माशाची तारीख, वजन आणि जात लिहून ठेवली होती.

७. निवाडा

आता दोन्ही प्रकार तोलून पाहू. १९२१ चे छायाचित्र रचनेने सरस आहे. माणसे सैल, प्रकाश मऊ, भाव प्रसन्न. पण ते ज्या एका गोष्टीचा दावा करते, म्हणजे साधेपणाचा, तिची तपासणी चौकटीच्या आत करता येत नाही. तपासायला जावे तर गर्दी, कॅमेरे आणि प्रलंबित देकार, सगळे बाहेरून आणावे लागते. कबिनीचा शिकारफोटो रचनेने ओबडधोबड, वृत्तीने अहंकारी. पण त्याचा दावा मोजता येण्याजोगा आहे : इतका मोठा मासा, या नदीत, या साली. दावा मोजता येतो म्हणून तो खोडता येतो, आणि खोडता येतो म्हणूनच टिकला तर उपयोगी पडतो. काढणाऱ्याला स्वतःचा पराक्रम दाखवायचा होता. आपण आज त्यात नदीचे आरोग्य वाचतो.

या निवाड्यावर एक रास्त आक्षेप येईल. शिकारफोटो सत्य सांगतो खरा, पण त्यासाठी मासा मारला गेला आणि बांबू धरणारा अनामिक राहिला. मग असल्या चित्राचे कौतुक का? उत्तर असे की पुरावा म्हणून मोल असणे आणि आदर्श म्हणून मोल असणे वेगळे. शिकारफोटोची वृत्ती घेण्याजोगी नाही, त्याची नोंद घेण्याजोगी आहे. गळ-छावण्यांनी पुढे तेच केले : मासा सोडला, आकडा ठेवला. त्यांत होडीवाल्याचे नावही जोडले तर नोंद आणखी खरी होईल, कारण डोहाचे ज्ञान त्याचे असते.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. संगमावर दर तीन वर्षांनी कुंभमेळा भरतो तेव्हा इथे असंख्य फोटो निघतात. पाणी किती होते, कोणत्या रंगाचे होते, काठ कुठवर होता, हे सारे त्यांत येते. पण त्यांतले बहुतेक तारखेविना आणि जागेविना फिरत राहतात आणि पन्नास वर्षांनी कोणाच्याही कामाचे नसतील. चित्राखालची ओळ हा चित्राचाच भाग आहे. ती लिहायला अर्धा मिनिट लागतो.

स्वाध्याय

१. घरातला किंवा गावातला नदी, तलाव किंवा समुद्रकाठचा एक जुना फोटो निवडा. चौकटीतल्या माणसांची, आणि तो फोटो शक्य व्हावा म्हणून ज्यांनी काम केले पण जे दिसत नाहीत त्यांची, अशा दोन याद्या करा.

२. माणूस ३ मीटरवर आणि वस्तू २.५ मीटरवर असताना वस्तू किती पट मोठी भासेल? तिचे वजन किती पट भासेल?

३. 'दोन घटना एकाच महिन्यात घडल्या' आणि 'एकीमुळे दुसरी घडली' या विधानांतला फरक कलम २ मधल्या उदाहरणावरून दीडशे शब्दांत लिहा.

४. तुमच्या जिल्ह्यातल्या एका धरणाच्या उद्घाटनाचे छायाचित्र मिळवा. त्याखाली स्वतः पाच ओळींची टीप लिहा. टिपेत पाण्याखाली गेलेल्या किमान एका गावाचे नाव असले पाहिजे.